तांबडी कावीळ

मुलगी बघायला जायच्या आधी तीन दिवस कृष्णातने अंग घासायला काढलं. पहिल्या दिवशी साबणाने, दुसऱ्या दिवशी लिंबाने आणि तिसऱ्या दिवशी भांड्याच्या तारेच्या घासणीने. सांगलीच्या मार्केट यार्डामागे ज्या खोलीत तो आणखी चार हमालांबरोबर राहायचा, तिच्या मोरीतून तीन दिवस पिवळं पाणी वाहत होतं. खोलीतल्या एकाने सांगितलं, ताक लाव. दुसरा म्हणाला, चिंच लाव. कृष्णातने दोन्ही लावलं. अंगाला आमटी-कढीचा वास यायला लागला, पण हळद काही हलली नाही.

आता अकरा वर्षं हळदीची पोती पाठीवरून वाहिलेल्या माणसाची हळद तीन दिवसांत निघेल, ही अपेक्षाच चुकीची होती. ती नखांच्या मुळाशी, तळव्याच्या भेगांत, कानामागे आणि मानेच्या घडीत मुक्काम ठोकून बसली होती. वर वर घासलं की ती आत सरकायची आणि घाम आला की पुन्हा बाहेर येऊन बसायची.

कृष्णातची ही मुलगी बघायची नववी खेप. आधीच्या आठ ठिकाणी काय झालं ते वेगवेगळं सांगायची गरज नाही, कारण आठही ठिकाणी एकच झालं होतं. पोहे यायचे, चहा यायचा, माणदेशातल्या पावसाची आणि मेंढरांची चौकशी व्हायची. मग कुणीतरी विचारायचं, "पोरगा काय करतो?" कृष्णात सांगायचा, "हमाली." की घरातली माणसं एकदम छताकडे बघायला लागायची. "कळवतो" म्हणायची आणि कुणी कळवायचं नाही.

नकाराचं कृष्णातला आता फारसं काही वाटत नसे. वाटायचं ते त्यानंतरच्या फोनचं. त्याची आई बयाबाई दहिवडीजवळच्या गावात एकटी राहायची. कृष्णात बारावीत असताना बाप यार्डातच पोतं अंगावर येऊन गेला. हमालांच्या टोळीत त्याची जागा रिकामी झाली. घरात दोन धाकट्या बहिणी होत्या, तेव्हा बयाबाईने पोराच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं आणि त्याला सांगलीच्या एसटीत बसवलं. पुढे बहिणींची लग्नं झाली. कृष्णात यार्डातच राहिला. आणि दर नकारानंतर ती फोनवर बारीक आवाजात म्हणायची, "माझंच चुकलं रं. मीच तुला तितं घातलं." मग रडायची. आठ नकार झाले, आठ वेळा रडून झालं. नवव्यांदा ते ऐकायची कृष्णातची तयारी नव्हती.

म्हणून या वेळी स्थळाची सूत्रं नानासोमामांनी हातात घेतली. नानासो हे बयाबाईचे धाकटे भाऊ. खोटं बोलायचंच तर त्यात हात आखडता घेऊ नये, अशा मताचे. त्यांनी शिराळ्याकडच्या गुंडाआण्णांना परस्पर कळवून टाकलं की पोरगा हळदीच्या कंपनीत सुपरवायझर आहे.

"मामा, उद्या कळलं म्हंजे?" कृष्णातने विचारलं.

"कळंस्तवर लगीन झालेलं असतंय. तुझ्या मामीला तरी कुठं ठावं हुतं मी काय करतो त्ये?"

"तुमी काय करत हुता?"

"कायच न्हाई. त्येच तर लपवलं हुतं."

मे महिन्यातल्या रविवारी दोघे शिराळ्याच्या एसटीत बसले. सुपरवायझर माणूस पांढऱ्याच शर्टात शोभतो, म्हणून मामांनी कृष्णातला नवा पांढरा शर्ट घ्यायला लावला होता. खिडकीतून गरम वारा येत होता. निम्म्या वाटेवर कृष्णातला घाम फुटला आणि घामाबरोबर हळद फुटली. आधी कॉलर पिवळी झाली, मग काखा, मग पाठ. मामांनी एकदा बघितलं आणि डोळे मिटले.

"हात तेवढं खिशात घाल लेका. बाकीचं मी बघतो."

हात खिशात घालून थोरामोठ्यांच्या पाया कसं पडायचं, याचा विचार मामांनी केला नव्हता.

गुंडाआण्णांचं घर गावाच्या टोकाला होतं. चार म्हशी, समोर फरशीचं अंगण आणि अंगणात लिंबाचं झाड. झाडाखाली सात-आठ माणसं रांगेने बसली होती. आपल्याला बघायला एवढी माणसं जमलेली पाहून मामा खूश झाले. पण ती माणसं आली होती आक्काताईंकडे. आक्काताई म्हणजे गुंडाआण्णांच्या थोरल्या बहीण. आण्णांची बायको गेल्यापासून घर त्यांच्याच हुकमावर चालायचं. आणि दर रविवारी त्या कावीळ उतरवायच्या. हे औषध त्यांच्याकडे सासूकडून आलं होतं. एक पैसा घेत नसत, त्यामुळे गुण आला नाही तरी कुणी तक्रार करत नसे.

"या पावनं, पाय धुवा," असं म्हणत गुंडाआण्णांनी तांब्या पुढे केला.

कृष्णातने पायावर पाणी घेतलं आणि हात पुन्हा खिशात घातले. तीन दिवस सगळा जोर त्याने हातांवर आणि तोंडावर लावला होता, पाय राहूनच गेले होते. पांढऱ्या फरशीवरून पिवळ्याधमक पाण्याचा एक ओघळ निघाला आणि वळत वळत थेट आक्काताईंच्या पाटापर्यंत जाऊन थांबला. आक्काताईंनी ओघळ बघितला. मग तो जिथून आला तिकडे बघितलं. त्या उठल्या, कृष्णातजवळ आल्या, त्याचे हात खिशातून ओढून काढले, नखं बघितली, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. यार्डातल्या धुळीने त्याचे डोळे गढूळ झाले होते ते वेगळंच.

"किती दिस झालं ह्येला?" त्यांनी विचारलं.

कृष्णात गांगरला होता. "अकरा वर्सं," तो बोलून गेला.

"अकरा वर्सं! आन् हिंडतोयस?" आक्काताई दोन पावलं मागे सरल्या. रांगेतली माणसं उठून उभी राहिली.

नानासोमामांनी पटकन विचार केला. एका बाजूला हमाली होती, दुसऱ्या बाजूला कावीळ. कावीळ बरी होते.

"अकरा दिस म्हनायचंय त्येला," मामा मध्ये पडले. "ताप हाय थोडा, त्यामुळं असं बोलतोय. व्हय, कावीळ झालीया पोराला. मी म्हनलं, जाऊ नगंस. तर म्हनला, मामा, त्या लोकास्नी शबूद दिलाय."

गुंडाआण्णांना भरून आलं. "कावीळ आंगावर घिऊन आला? शबदाचा पक्का हाय की पोरगा," ते म्हणाले. नऊ ठिकाणी फिरून कृष्णातला पहिल्यांदाच कुणीतरी चांगलं म्हटलं, तेही नसलेल्या रोगाबद्दल.

"मामा, मला कुठं कावीळ—" कृष्णातने तोंड उघडलं.

"गप!" आक्काताईंनी हात वर केला. "माझ्याकडं आलेल्यानं औशीद हुईस्तवर तोंडातनं शबूद काडायचा न्हाई. न्हाईतर गुन येत न्हाई. जा, रांगंत बस. त्येलातुपाचं कायबी खायाचं न्हाई."

झालं. नवरदेव आजारी माणसांच्या रांगेत जाऊन बसला. पोह्यांच्या दोन बश्या बाहेर आल्या आणि दोन्ही मामांसमोर गेल्या. कृष्णातच्या हातात मूठभर फुटाणे पडले. त्याने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. शर्टाला डाग पडू नये म्हणून मामांनीच खाऊ दिलं नव्हतं.

ओट्यावर बसून मामा आता मोकळे सुटले. ज्याच्याबद्दल बोलायचं तो समोर आहे आणि त्याला तोंड उघडायची बंदी आहे, असा योग त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच आला होता.

"हापिसात एसी हाय का?" गुंडाआण्णांनी विचारलं.

"एसीच एसी. सारखी सर्दी असती त्येला." मामांनी पोह्यांतला शेंगदाणा चावला. "हाताखाली आट मानसं हायती."

कृष्णातच्या टोळीत तो धरून आठ माणसं होती, एवढंच त्यात खरं होतं. आणि ज्या पत्र्याच्या शेडमध्ये ती काम करत, तिथे उन्हाळ्यात भाकरी गरम ठेवायला चूल लागत नसे.

"आन् हमाल लोक त्रास देत असतील की," गुंडाआण्णा म्हणाले. "लय आडमुठी जात असती ती."

"हमाल? छ्या!" मामांनी हात झटकला. "त्येंच्या सावलीला ह्यो उबा ऱ्हात न्हाई."

कृष्णातने हातातले फुटाणे खाली ठेवले. शाळेच्या सुट्टीत यार्डात जाऊन बघितलेला बाप त्याला आठवला. पावसाळ्यात पोतं भिजू नये म्हणून स्वतःच्या अंगावरची घोंगडी काढून पोत्यावर टाकणारा, आणि संध्याकाळी शिणलेल्या पाठीला पोराकडून तेल लावून घेताना एक शब्द न बोलणारा. त्याला उठून सांगावंसं वाटलं. पण त्याच वेळी त्याला तो फोनही आठवला, आणि तो खाली बघत बसून राहिला. मान खाली घातलेला बघून गुंडाआण्णांना तो अधिकच सुशील वाटला.

त्याचा नंबर आला. आक्काताईंनी पितळी परात मांडली. आतून दीपमाला एका वाटीत कसल्याशा पाल्याचा रस आणि दुसऱ्या वाटीत कालवलेला चुना घेऊन आली. हीच ती मुलगी. बी.ए. झालेली, उंच, गंभीर चेहऱ्याची. ज्या मुलीला बघायला आपण आलो, तिच्यासमोर परातीत हात धरून बसावं लागेल, असं कृष्णातला कधी स्वप्नातही वाटलं नव्हतं. तिने वाट्या ठेवल्या, त्याच्या हातांकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

आक्काताईंच्या औषधाची रीत अशी होती की तळव्यांना चुना चोळायचा, वर रस सोडायचा आणि मंत्र म्हणत पाणी ओतायचं. परातीत पिवळसर पाणी उतरायचं. ते बघून रोग्याला बरं वाटायचं आणि तो घरी जायचा. तीस वर्षांत यात कधी बदल झाला नव्हता.

त्यांनी कृष्णातच्या तळव्यांवर चुना चोळला. तळवे तांबडे झाले. त्यांना वाटलं, ऊन लागलंय. त्यांनी पाणी ओतलं. पाणी तांबडंलाल झालं. त्यांनी घाबरून आणखी चोळलं, तसं मनगटावरून कोपरापर्यंत लाल ओघळ गेले, पांढऱ्या शर्टावर लाल शिंतोडे उडाले आणि परात काठोकाठ रक्ताने भरल्यासारखी दिसू लागली.

"रगत!" आक्काताईंच्या हातातला तांब्या पडला.

मग अंगणात एकच गोंधळ उडाला. आत्ताच औषध घेऊन बसलेला एक म्हातारा स्वतःचे हात उन्हात धरून उलटेसुलटे बघू लागला. ज्यांचा नंबर यायचा होता ते चपला शोधू लागले. शेजारची साळूबाई कुंपणावरून ओरडली, "पांडरी कावीळ ऐकली, काळी ऐकली, ही तांबडी कुटली गं बया?" कुणी म्हणालं करणी आहे, कुणी म्हणालं लिव्हर फुटलं. गुंडाआण्णांनी ॲम्ब्युलन्सला फोन लावला आणि घाईघाईत रोग्याऐवजी म्हशींची संख्या सांगू लागले.

कृष्णात काही नाही, काही नाही अशा अर्थाने हात हलवत होता. हात हलले की लाल थेंब उडत आणि माणसं किंचाळत मागे सरत.

"बोलू नगंस!" मामा ओट्यावरून गरजले. "गुन जाईल!"

आक्काताई मात्र मटकन खाली बसल्या होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "माझ्या हातनं दुसऱ्याचं पोर चाललं," त्या पुटपुटत होत्या आणि डोळ्यांतून खरंच पाणी येत होतं. ते बघून कृष्णातचा धीर सुटला. आपल्या एका लबाडीपायी ही म्हातारी रडतेय, हे त्याला सहन होईना.

पण तो बोलायच्या आत दीपमाला आत गेली आणि मसाल्याचा डबा घेऊन आली. तिने चिमूटभर हळद चुन्याच्या वाटीत टाकली आणि बोटाने कालवली. वाटीत लालभडक गोळा झाला.

"आत्या, ह्ये रगत न्हवं," ती म्हणाली. "हळद आन् चुना. कुक्कू असंच करत्यात की."

सगळे वाटीत डोकावले. ज्या बायकांनी जन्मभर हे ऐकलेलं होतं, त्यांनाही ते आत्ताच आठवलं. म्हाताऱ्याने सुस्कारा टाकला. गुंडाआण्णांनी फोन बंद केला.

"म्हंजे कावीळ न्हाईच?" आक्काताईंनी डोळे पुसत विचारलं.

"हाय की!" मामा म्हणाले. "हळद बी हाय आन् कावीळ बी हाय!"

"पर येवडी हळद आंगात आली कुटनं?" गुंडाआण्णा म्हणाले. "एसीत बसून?"

मामा रिकाम्या बशीत शेंगदाणा शोधू लागले. कृष्णात उभा राहिला. लाल हात त्याने दोन्ही बाजूंना तसेच धरले होते.

"मी हमाल हाय," तो म्हणाला. "यार्डात हळदीची पोती उचलतो. आदी माझा बा उचलत हुता. कावीळ न्हाई, एसी न्हाई. आत्याबाई, तुमच्या औशदाचं काय चुकलं न्हाई. आमचं चुकलं."

मामा काहीतरी करायचं म्हणून उठले. "गुंडाआण्णा, आवं, लग्नात हळद लावत्यातच की. ह्यो आदीच लावून आलाय," असं म्हणून ते हसले. बाकी कुणी हसलं नाही.

गुंडाआण्णा वाईट माणूस नव्हते. ते ओट्यावर बसले, टोपी काढली, पुन्हा घातली.

"खोटं बोलला म्हनून मी न्हाई म्हनत न्हाई," ते म्हणाले. "लग्नात समदीच बोलत्यात. पर पोरगी बी.ए. झालीया. जावई काय करतो म्हनून गावानं इचारलं, तर काय सांगू?"

"हमाल हाय म्हनून सांगा," कृष्णात म्हणाला.

गुंडाआण्णांनी मान हलवली. त्यांना ते जमण्यासारखं नव्हतं. "कावीळ असती तर म्हयनाभर थांबलो असतो रं पोरा," ते हळूच म्हणाले, आणि हे ते अगदी मनापासून म्हणत होते.

आक्काताईंना मात्र पाहुणा उपाशी जाणं मान्य नव्हतं. आता आजार नाही म्हटल्यावर पथ्यही राहिलं नव्हतं. नकार देऊन झाल्यावर त्यांनी पोहे गरम केले, वर भजी तळली आणि कृष्णातला पोटभर खाऊ घातलं. दोनदा वाढलं. एवढा पाहुणचार त्याचा आजवर कुठेच झाला नव्हता.

हात धुवायला तो पाठीमागच्या मोरीकडे गेला तेव्हा दीपमालाने तांब्याने पाणी घातलं. लाल पाणी गुलाबी झालं, मग पिवळं.

"एक पोतं किती किलोचं असतंय?" तिने विचारलं.

"पन्नास. कवा साटबी असतंय."

"आन् दिसाला किती उचलता?"

"दोनशे. सीझनला जास्त."

तिने मनाशी गुणाकार केला आणि तांब्या खाली ठेवला. "आयव! धा टन," एवढंच म्हणाली. बाहेरून गुंडाआण्णांनी हाक मारली, तशी ती आत गेली. नऊ घरांत मिळून त्याच्या हमालीबद्दल कुणीतरी विचारलेले एवढे दोनच प्रश्न. कृष्णात ओले हात घेऊन थोडा वेळ तिथेच उभा राहिला.

परतीची एसटी संध्याकाळी साडेपाचला होती. स्टँडवरच्या बाकावर मामा एका टोकाला आणि कृष्णात दुसऱ्या टोकाला बसला. शर्ट बघून एक पोलीस येऊन चौकशी करून गेला. तो गेल्यावर मामा म्हणाले, "त्या सावलीचं बोललो त्ये तुज्या बाला म्हनून न्हवं रं."

मग फोन वाजला. बयाबाईचा. ती सकाळपासून फोन मांडीवर घेऊन बसली असणार, हे त्याला माहीत होतं.

"काय म्हनली रं?"

"न्हाई म्हनली, आये."

पलीकडे तो बारीक सूर सुरू झाला. "माझंच चुक—"

"आये, ऐक की. कामावरनं न्हाई मोडलं. मला कावीळ झालीया, त्यामुळं."

"कावीळ?"

"व्हय. पिवळा दिसलो त्यास्नी. म्हनली, आजारी पोराला पोरगी कशी द्याची."

"हमाल म्हनून न्हाई म्हनली न्हाईत?"

"न्हाई. कामाचं कुनी नावबी काडलं न्हाई."

"खरं सांगतोस? नानाला दी बरं."

कृष्णातने फोन मामांपुढे धरला. दिवसभर तोंडाला येईल ते बोललेल्या मामांना ओठ उघडायला वेळ लागला. "व्हय आक्का," ते कसेबसे म्हणाले. "कावीळच." आणि फोन परत देऊन तोंड दुसरीकडे फिरवलं.

"आरं देवा!" बयाबाईचा आवाज एकदम मोकळा झाला. "कावीळ व्हय! आन् मी इतं काय काय इचार करत बसलेली. आरं, कावीळ म्हंजे काय, आज हाय उद्या न्हाई. उसाचा रस पी, ताक पी, बरा हुशील. तुज्यात कायबी खोट न्हाई बग. येडी हायती ती मानसं!" आणि ती हसायला लागली.

एसटी लागली. माणसं दाराकडे धावली. मामांनी बॅग उचलून खूण केली, पण कृष्णात बाकावरून हलला नाही. आई हसत होती, आणि ती थांबेपर्यंत त्याला फोन ठेवायचा नव्हता.